'कंपनीतून बोलतोय' म्हणणारा फोन : नवीन मोबाईलवाल्यांनी काय करायचं

मागच्या हंगामातली गोष्ट. सोमवारचा बाजार होता. माझं दुकान बसस्टँडला लागून आहे. रिचार्ज, झेरॉक्स, मोबाईल दुरुस्ती आणि सातबाऱ्यापासून पीकविम्यापर्यंत सगळी ऑनलाइन कामं इथंच होतात. एक काकाजी आले आणि गर्दी ओसरेपर्यंत बाकड्यावर बसून राहिले. मग बंडीच्या खिशातून कृषी केंद्राच्या बिलाची घडी काढून माझ्यासमोर सरकवली. बिलाच्या मागं निळ्या पेनानं एक दहा आकडी नंबर लिहिलेला होता. त्याखाली आणखी नऊ आकडे, तीन-तीन सुटे करून.

"हा खालचा नंबर कोनाचा हाय, भाऊ?"

तो फोन नंबर नव्हताच. दुसऱ्याचा मोबाईल लांबून चालवायच्या ॲपचा कोड होता, आणि तोही काकाजींच्याच मोबाईलचा.

झालं होतं असं. खताचे २,३०० रुपये त्यांनी मोबाईलवरून दिले. खात्यातून कटले, पण कृषी केंद्रवाला म्हणे आलेच नाहीत. पुतण्यानं इंटरनेटवर पैसे पाठवायच्या त्या ॲपचा 'कस्टमर केअर नंबर' शोधला. वरच दिसला, लावला. पलीकडचा माणूस हिंदीत, 'सर-सर' करत बोलला. एक ॲप टाकायला लावलं, आलेले नऊ आकडे वाचून घेतले, आणि वीसेक मिनिटांत कापसाच्या चुकाऱ्यातले ४८,००० रुपये निघून गेले. हे गुरुवारी झालं. माझ्याकडं आले सोमवारी.

"चार दिवस काहून थांबले, काकाजी?"

"लोकं हासतीन ना बाप्पा."

हे सगळं लिहितोय ते त्या चार दिवसांपायी. फसणं कोणाच्याही वाट्याला येतं. माझ्या दुकानात शिकलेसवरले, नोकरीवालेही येऊन गेलेत. पण पैसा परत मिळण्याची जी काही आशा असते ती पहिल्या तास-दोन तासांत असते, आणि नेमका तोच वेळ आपण लाजेत घालवतो.

हा खेळ आला कुठून

'मी अमुक कंपनीच्या टेक्निकल सपोर्टमधून बोलतोय' हा प्रकार मूळचा कॉम्प्युटरचा, आणि गिऱ्हाईक परदेशातलं. तिकडच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या कॉम्प्युटरवर अचानक लाल पाटी यायची, 'व्हायरस आला आहे, या नंबरवर फोन करा'. फोन लागायचा तो आपल्या देशातल्या कुठल्यातरी बनावट कॉल सेंटरला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयनं 'ऑपरेशन चक्र-२' या नावानं देशभरात ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यात टेक सपोर्टवाले असल्याचं भासवून परदेशी लोकांना लुटणाऱ्या कॉल सेंटरांची प्रकरणं होती, आणि तक्रार मायक्रोसॉफ्ट व ॲमेझॉन यांनी केली होती.

आपल्याकडं घरोघरी कॉम्प्युटर नाही, पण मोबाईल आहे. म्हणून तोच खेळ मोबाईलवर उतरला. व्हायरसच्या जागी अडकलेलं पेमेंट आलं, बंद पडणारं सिमकार्ड आलं, न भरलेलं लाइट बिल आलं. ग्रामपंचायतीत, शाळेत किंवा सेतू केंद्रात कॉम्प्युटरवर बसणाऱ्यांना मात्र ती जुनी लाल पाटी आजही दिसू शकते. भोंगा वाजतो, पाटी हटत नाही. घाबरू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. तेवढी एक खूण पुरे. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडतो, त्यातून ब्राउझर बंद करा. नाहीच झालं तर पॉवरचं बटण दाबून धरा. पुन्हा सुरू केल्यावर 'जुनी पानं उघडू का' असं विचारलं तर नाही म्हणा.

पायरी पहिली : तो येतो कुठून, हे ओळखा

तीन वाटा आहेत. पहिली, तो स्वतः फोन करतो. याबद्दल आता बऱ्याच जणांना माहीत झालंय. नियम सोपा आहे: गूगल, मायक्रोसॉफ्ट, व्हॉट्सॲप किंवा पैसे पाठवायचं कुठलंही ॲप 'तुमच्या फोनमध्ये बिघाड झालाय' हे सांगायला स्वतःहून फोन करत नाही. कोट्यवधी लोक ती ॲपं वापरतात, एकेकाला फोन करून बिघाड सांगायला माणसं कोणाकडं आहेत?

दुसरी वाट जास्त वाईट. इथं फोन आपण लावतो. आपली गरज असते, घाई असते, आणि समोर नंबर दिसतो. इंटरनेटवर शोधलं की सगळ्यात वर येणारी ओळ पैसे देऊन लावलेली जाहिरात असू शकते. नकाशावरचा दुकानाचा किंवा शाखेचा नंबर बदलण्याची सूचना कोणीही पाठवू शकतो. काकाजींच्या पुतण्याला सापडलेला नंबर असाच होता. फोन आपणच लावलेला असल्यामुळं पलीकडच्यावर संशय येत नाही, आणि 'अनोळखी फोन उचलू नका' हा उपदेश इथं काहीच कामाचा नाही.

आपल्या भागात अशी गरज कधी पडते, ते बघा. ई-पीक पाहणीची मुदत संपत आलेली असते आणि वावरात उभं राहून फोटो अपलोड होत नाही. सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस खरेदीला, कापूस द्यायचा तर २०२५ पासून 'कपास किसान' ॲपवर नोंदणी लागते, ती अडकते. लाडक्या बहिणीची ई-केवायसी होत नाही. पीएम किसानचा २,००० चा हप्ता शेजाऱ्याला आला, आपल्याला नाही. अशा वेळी 'ॲपवाल्याचा नंबर' शोधणारा माणूस त्यांना आयता सापडतो.

तिसरी वाट व्हॉट्सॲपवरच्या फाइलची. 'पीएम किसान', 'आरटीओ चालान', कधी चक्क लग्नपत्रिका. नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ते चित्र नाही की कागद नाही, ते ॲप आहे. उघडून बसवलं की तुमचे मेसेज तिकडं वाचले जातात. पत्रिका फोटोत किंवा पीडीएफमध्ये येते. एपीकेत येणाऱ्या लग्नाला जायचं नाही.

पायरी दुसरी : माणूस ओळखू नका, मागणी ओळखा

तो गोड बोलतो की दरडावतो, मराठी बोलतो की हिंदी, यावर जाऊ नका. तुमचं नाव, गाव, बँक, सिमची कंपनी त्याला ठाऊक असेल. ही माहिती बाजारात विकत मिळते, त्यानं तो खरा ठरत नाही. व्हॉट्सॲपवर कंपनीचं चिन्ह फोटोला लावायला कोणाची परवानगी लागत नाही. आपण फक्त एवढं बघायचं की तो काय करायला सांगतोय.

'प्ले स्टोअरवरून हे ॲप टाका आणि आलेला नंबर सांगा.' एनीडेस्क, टीमव्ह्यूअर क्विकसपोर्ट ही ॲपं खरी आहेत, मीही दुरुस्तीसाठी वापरतो, त्यामुळं प्ले स्टोअर ती अडवत नाही. एनीडेस्कचा नऊ-दहा आकडी पत्ता आणि परवानगी मिळाली की तुमची स्क्रीन तिकडं दिसू लागते. ओटीपी दिसतो, कार्डावरचे आकडे दिसतात. आणखी एक परवानगी दिली की बोटही तोच चालवतो. रिझर्व्ह बँकेनं यावर २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. आता वेगळं ॲपही लागत नाही. ऑगस्ट २०२३ पासून व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्येच स्क्रीन दाखवायची सोय आली आहे. 'व्हिडिओ कॉल करतो, जरा स्क्रीन शेअर करा' म्हणाला की समजून जा.

'रिफंड घ्यायला पिन टाका.' पैसे यायला पिन लागत नाही. पिन फक्त पैसे जाताना आणि शिल्लक बघताना लागतो. गिऱ्हाइकाला समजावताना मी म्हणतो, घरात कोणी धान्याचं पोतं आणून टाकत असेल तर तिजोरीची किल्ली कशाला लागेल?

एक चाल मात्र अशी आहे की जाणता माणूसही सापडतो. तो म्हणतो, 'सर, पेमेंटमध्ये जा, खाली रकान्यात व्हेरिफिकेशन कोड टाका, चार नऊ नऊ नऊ शून्य.' आपण कोड म्हणून टाकतो, आणि तो रकाना असतो रकमेचा. ४९,९९० रुपये. त्याच्या आवाजाच्या नादात रुपयाचं चिन्ह डोळ्यांपुढं असूनही दिसत नाही.

'हा मेसेज अमुक नंबरला पाठवा.' मेसेजमध्ये अर्थ नसलेली अक्षरं-आकडे असतात. तो तुमच्या सिमवरून गेला की तुमचं खातं त्याच्या मोबाईलमधल्या ॲपला जोडलं जाऊ शकतं.

'स्टार-हॅशवाला कोड दाबा, रेंज सुधारेल.' त्यानं तुमचे कॉल त्याच्याकडं वळतात, आणि कॉलवर येणारा ओटीपीही.

आणि शेवटचं, सगळ्यांत समान असलेलं वाक्य: 'फोन कट मत करना, सर.' खऱ्या कस्टमर केअरचा अनुभव आपल्याला आहे. तिकडं अर्धा तास गाणं ऐकावं लागतं आणि फोन तेच ठेवतात. जो तुम्हाला फोन ठेवूच देत नाही, त्याला भीती एकच असते. तुम्ही घरात कोणाला विचाराल.

पायरी तिसरी : फोन ठेवायचा कसा

हे लिहायची गरज काय, असं वाटेल. पण आपल्याकडची वडीलधारी माणसं बोलणं तोडत नाहीत. समोरचा 'बाबूजी' म्हणत असताना फोन ठेवणं त्यांना उद्धटपणा वाटतो. त्यांच्यासाठी मी एक वाक्य ठरवून दिलंय: "दुकानात जाऊन करतो, तिथूनच तुमच्याशी बोलतो." एवढं बोलायचं आणि लाल बटण. वाद घालायचा नाही, शिव्या द्यायच्या नाहीत, 'मला सगळं माहीत आहे' म्हणून हुशारी दाखवायची नाही. जितकं बोलाल तितकं त्याला तुमच्याबद्दल कळतं.

पैसे गेले नसतील, नुसता संशयास्पद फोन आला असेल, तर दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' ॲपमध्ये 'चक्षू' नावाची सोय आहे, तिथं तो नंबर कळवता येतो. दोन मिनिटांचं काम आहे. त्याच ॲपमध्ये तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत तेही दिसतं. एकदा नक्की बघा, धक्का बसू शकतो.

पायरी चौथी : खरा नंबर कुठं असतो

बँकेचा नंबर पासबुकावर आणि एटीएम कार्डाच्या मागं छापलेला असतो. आजच एका कागदावर उतरवून घ्या, कारण कार्ड हरवलं की नंबरही हरवतो. सिमची तक्रार असेल तर त्याच सिमवरून १९८ लावा. आधारसाठी १९४७. पैसे पाठवायच्या ॲपची तक्रार त्या ॲपच्या आतच करायची. व्यवहारावर बोट ठेवलं की मदतीचा पर्याय दिसतो. शेतीच्या योजनांसाठी कृषी सहायक, तलाठी किंवा सेतू केंद्र. इंटरनेटवर शोधून कोणताच नंबर लावायचा नाही.

आता काकाजींचे ते २,३०० रुपये. त्यांना कोणालाच फोन करायची गरज नव्हती. यूपीआयवर खात्यातून पैसे कटले आणि समोरच्या माणसाला मिळाले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला केलेलं पेमेंट असेल तर पाच दिवसांत. त्यापुढं उशीर झाला तर बँकेनं दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची. म्हणजे वाट बघणं हाच उपाय होता. ते पैसे शनिवारी आलेही. खात्यात तोवर तेवढेच उरले होते.

पायरी पाचवी : हातून घडलंच असेल तर

इथं क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून सावकाश वाचा.

सगळ्यात आधी नेट तोडा. मोबाईलवर फ्लाइट मोड लावा, विमानाचं चिन्ह असतं ते. वायफाय असेल तर तेही बंद. स्क्रीन दिसणं तिथंच थांबतं. ते ॲप लगेच काढून टाकण्याचा मोह होतो. त्याआधी दुसऱ्याच्या मोबाईलनं स्क्रीनचे फोटो काढून घ्या: त्याचा नंबर, ॲपचं नाव, पैसे गेल्याचे मेसेज. पुढं पोलीस हेच मागतात.

मग दुसऱ्या कोणाच्याही फोनवरून १९३० लावा. ही सायबर फसवणुकीची देशभराची हेल्पलाइन आहे. सुरुवातीला तिचा नंबर १५५२६० होता, आता १९३० आहे. लाइन व्यस्त लागली तर सोडू नका, पुन्हा पुन्हा लावा. तोवर घरातल्या दुसऱ्यानं सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार भरायला घ्यावी. बँकेचं नाव, खाते क्रमांक, किती रुपये, किती वाजता आणि मेसेजमधला बारा आकडी यूटीआर (म्हणजे व्यवहाराचा) क्रमांक एवढं हाताशी ठेवा. या यंत्रणेचं काम म्हणजे तुमचा पैसा ज्या खात्यात गेला, तिथून पुढं पळायच्या आत तो गोठवणं. चोर एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असा पैसा हलवतो आणि कुठंतरी एटीएममधून काढतो. काढला की गोठवायला काही उरत नाही. म्हणून ती घाई.

त्याच दमात बँकेला फोन करून खातं, कार्ड आणि यूपीआय बंद करायला सांगा, आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. दुसऱ्या दिवशी शाखेत लेखी अर्ज द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. साहेब जेवायला गेले असतील तर बसून राहा. कारण असं: रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणं, तुम्ही स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. तुमची काही चूक नसेल, बँकेचीही नसेल, आणि तिसऱ्याच कोणीतरी घात केला असेल, तर तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास पूर्ण रक्कम परत मिळायला हवी. दोन्हीकडं सगळं अडतं ते कळवल्याच्या वेळेवर, आणि तो शिक्का हाच त्या वेळेचा पुरावा.

पोलीस ठाण्यात 'हे आमच्या हद्दीत येत नाही' असं ऐकावं लागलं तर शांतपणे म्हणा, झिरो एफआयआर घ्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात हद्द कोणतीही असली तरी तक्रार नोंदवून घ्यायची तरतूद आहे. तोतयेगिरी करून ऑनलाइन फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ड कलमाचा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटणारं दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

मोबाईलचं काय करायचं? अनोळखी ॲपं काढा. निघत नसतील तर सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीत आणि डिव्हाइस ॲडमिनमध्ये जाऊन त्यांची परवानगी बंद करा, मग निघतात. तरीही शंका असेल तर फोटो उतरवून घेऊन फोन रिसेट करा. कॉल वळवलेले असतील तर हॅश हॅश ००२ हॅश डायल केलं की सगळे फॉरवर्ड रद्द होतात. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून अनोळखी कॉम्प्युटर जोडलेला दिसला तर काढून टाका. पासवर्ड आणि पिन मात्र दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला. ज्या फोनमध्ये चोर बसलाय, त्याच फोनवर नवी किल्ली घडवायची नाही.

आधीच करून ठेवायची थोडी कामं

मी नव्या गिऱ्हाइकाला एकच गोष्ट आग्रहानं सांगतो, आणि बँकवाल्यांना ती आवडत नाही. मोबाईलला जोडलेलं खातं वेगळं ठेवा, त्यात किराणा-रिचार्जपुरते दोन-तीन हजार. चुकारे, पीककर्ज, पीकविम्याची रक्कम ज्या खात्यात येते त्याला यूपीआय नको, एटीएम कार्डही नको. पैसे काढायला शाखेत जावं लागतं, तासभर जातो, खरंय. पण काकाजींचं तसं असतं तर गेले असते फार तर दोन हजार.

बाकी किरकोळ. सेटिंगमध्ये 'अनोळखी ॲप बसवणे' ही परवानगी व्हॉट्सॲप आणि क्रोम दोन्हीसाठी बंद ठेवा. प्ले स्टोअरमधली धोक्याची ॲपं तपासणारी 'प्ले प्रोटेक्ट' ही सोय चालू आहे ना ते बघा. व्हॉट्सॲपला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. अंगठा लावून पैसे काढत नसाल तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, लागेल तेव्हा उघडता येतं. घरातल्या म्हाताऱ्यांच्या फोनमध्ये १९३० आणि बँकेचा नंबर मराठीत नाव टाकून सेव्ह करून द्या.

एक राहिलं. फसलेल्या माणसाला दुसरा फोन येतो, आणि हमखास येतो, कारण त्याचा नंबर आता 'फसणारा' म्हणून पुढं विकला जातो. 'आम्ही सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडले, फक्त फाइल चार्ज भरा.' पोलीस किंवा बँक पैसे परत करायला फी मागत नाहीत.

काकाजींना तो फोन आला, नेमके ते माझ्याच दुकानात तक्रारीच्या अर्जाची झेरॉक्स काढत होते. बोलणं नीट ऐकून घेतलं, दोनदा 'हव, हव' म्हणाले. मग म्हणाले, "थांबा साहेब, दुकानातच हाय मी," आणि फोन माझ्या हातात देण्याआधीच पलीकडून ठेवला गेला होता. त्यांचे ४८,००० अजून आलेले नाहीत. १९३० वर तक्रार गेली तोवर त्यातले ९,००० च चोराच्या खात्यात उरले होते, ते गोठवले आहेत. ते सोडवून घ्यायचा अर्ज कोर्टात आहे.